माझ्या सहीचे ‘नॉर्मल’

कागद लॅमिनेट करण्याच्या दुकानाला एक वास असतो. तापलेल्या प्लॅस्टिकचा, किंचित गोडसर, किंचित जळका. शालिमार चौकाच्या बाजूने जाताना तो आजही नाकात शिरला की माझी पावले थबकतात. माझ्या सहीचा एक कागद अशाच एका यंत्रातून गुळगुळीत होऊन बाहेर पडला होता आणि पुढे आठ वर्षे एका मुलीच्या विरुद्ध साक्ष देत गावोगाव हिंडत होता. हा लेख त्या कागदाबद्दल आहे. नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असे संपादकांनी सुचवले होते. गमती पुष्कळ आहेत, पण त्या लिहायला बसले की हा कागद मध्ये येतो.

नाशिकच्या एका रुग्णालयात मी न्यूरोफिजिओलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. हे नाव ऐकले की लोक आदराने मान हलवतात आणि विषय बदलतात, म्हणून साध्या शब्दांत सांगते. मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांशी अतिशय क्षीण विजेच्या भाषेत बोलतात. ती वीज टिपायची, मोठी करायची, पडद्यावर रेघ म्हणून पाहायची आणि स्पीकरमधून आवाज म्हणून ऐकायची, हे माझे काम. स्वस्थ पडलेला स्नायू मुका असतो. तो आवळला की तापल्या तेलात पापड सोडल्यासारखा आवाज येतो. आजारी स्नायूचा आवाज निराळा, तुटलेल्या मज्जातंतूचा निराळा. निदान डॉक्टरांनी करायचे. आम्ही ऐकायचे, मोजायचे, लिहायचे.

ऐकणे मला घरातूनच मिळाले. वडील मराठीचे शिक्षक होते. आमच्याकडे ताटे वाढली की घास घेण्याआधी एकेकाने वृत्तातली एक कविता म्हणायची, आणि मात्रा चुकली की वडील काही न बोलता फक्त पाण्याचा पेला बोटाने वाजवत. विज्ञानाची पदवी पोटासाठी घेतली, मराठीतले एम.ए. नंतर बाहेरून केले, निव्वळ हट्टाने. विभागात त्याची थट्टा होई. पण ज्याचा कान लघू-गुरूवर घडला आहे त्याला स्नायूची लय पडद्याआधी कानाने कळते, हे मी पुष्कळांना दाखवून दिले होते. म्हणूनच माझा गुन्हा अधिक मोठा. मला ऐकू येत होते, मला दिसतही होते, आणि तरी मी लिहिले नाही.

जयश्री पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची होती. सायखेड्याची. सोबत आई, मंदाबाई. गावाकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली होती: उजवा पाय वाकडा पडतो, नसांची तपासणी करावी.

तपासणीआधी पैंजण काढावे लागतात. जयश्रीने ते काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि मला ते चमत्कारिक वाटले. डाव्या पैंजणाची घुंगरे गोल होती. उजव्याची बाहेरच्या अंगाची घुंगरे घासून चपटी झाली होती आणि वाजत नव्हती. दाराशी काढलेल्या तिच्या उजव्या चपलेची बाहेरची कड पार कागदासारखी झिजली होती. मुलगी टेबलावर आडवी झाली आणि इतका वेळ आत वळलेले ते पाऊल हळूहळू सैल पडले, जसे झोपी जाणारे मूल मूठ सोडते.

“निजली का पाय सरळ पडतो, मॅडम,” मंदाबाई म्हणाल्या. “उठली का वाकडा. आन् उलटी चालाया लावा, लय झ्याक चालती. नदीच्या पायऱ्या उलटीच उतरती. गावातली माणसं नको नको ते बोलत्यात.”

गाव काय बोलत असेल ते सांगावे लागले नाही. उलट्या पावलांची बाई कोण असते, हे आपल्याकडे लहान मुलांनासुद्धा ठाऊक असते.

“हे सगळं डॉक्टरांना सांगा,” मी म्हणाले. “आमच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नसते.”

मी हे रूक्षपणे म्हटले नव्हते. आमच्या कामाची ती शिस्तच होती. फॉर्मवर रकाने असत: मज्जातंतूचे नाव, वेग, लहरीची उंची, विलंब. जे मोजले ते लिहायचे, जे पाहिले ते डॉक्टरांचे क्षेत्र. आम्ही याला आपली पायरी ओळखणे म्हणत असू आणि नव्या माणसांना अभिमानाने शिकवत असू.

मी इलेक्ट्रोड चिकटवले. छोटे विजेचे ठोके दिले. जयश्रीने दोन ठोके सोसले आणि विचारले, “ह्या करंटनं पाय नीट व्हईल?”

“नाही गं. हा फक्त तपासायचा करंट.”

“मंग काय उपेग?”

मी हसले. मुलगी चुणचुणीत आहे, असे मनात म्हणाले. सगळे वेग ठीक होते. स्नायूंत सुई घालून ऐकले. आडव्या पडलेल्या पायात नीट शांतता होती. निघताना तिला पडद्यावरच्या हिरव्या रेघेवरून नजर काढवेना, म्हणून ती यंत्राकडे तोंड करून दारापर्यंत उलटी चालत गेली. दहा-बारा पावले. एकही पाऊल वाकडे पडले नाही. पाण्यावरून सरकणाऱ्या पानासारखी ती दाराबाहेर गेली, मग वळली आणि पुढे चालताना पुन्हा तोच पाय फरफटला.

मी ते पाहिले. मग फॉर्मच्या तळाशी, निष्कर्ष या शब्दापुढे, लिहिले: ‘नॉर्मल’. खाली सही.

आता त्या आजाराविषयी सांगते, कारण जे तेव्हा मी नीट शिकून घेतले नव्हते ते वाचकाने निदान एकदा तरी वाचावे.

तुम्ही कोपर वाकवता तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आवळतो. त्याच वेळी मागचा स्नायू सैल पडावा लागतो, नाहीतर हात हलणारच नाही. म्हणजे मेंदू जितक्या आज्ञा देतो त्याहून अधिक मनाई करतो: तू थांब, तू मध्ये येऊ नकोस, तू आत्ता नको. मेंदूच्या खोल तळाशी असलेली काही केंद्रे ही मनाई सांभाळतात. त्यांतल्या एकाचे नाव पॅलिडम. डिस्टोनिया या आजारात ही मनाई फसते. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतात, शेजारचे स्नायू न बोलावता धावून येतात, आणि अवयव पिळवटला जातो. मज्जातंतू निरोगी असतात. स्नायू निरोगी असतात. एमआरआयमध्येही पुष्कळदा काही दिसत नाही. बिघाड असतो तो लयीत, आणि लय काही आडव्या पडलेल्या माणसात सापडत नाही.

त्यातही या आजाराची एक विलक्षण खोड आहे. मेंदूत पुढे चालण्याची एक रचना असते, उलटे चालण्याची दुसरी, पळण्याची तिसरी. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहू शकते. म्हणून असा रुग्ण पुढे चालताना कोलमडतो आणि मागे चालताना सरळ जातो. कोणाची मान फिरते आणि हनुवटीला नुसते एक बोट लावले की जागेवर येते. जाणत्याला ही निदानाची खूण असते. न जाणत्याला तो खोटेपणाचा पुरावा वाटतो. ‘उलटी चालता येते, मग सुलटी चालायला काय धाड भरली आहे?’ हा प्रश्न जयश्रीला आठ वर्षे विचारला गेला. विचारणाऱ्यांत अडाणी थोडे होते. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवलेले अधिक होते. आणि विचारताना त्यांच्या हातात माझा कागद असे.

मंदाबाईंनी तो जपून ठेवला होता. मोठ्या दवाखान्यातला, शिक्क्याचा कागद, भिजू नये, चुरगळू नये म्हणून त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला. प्रत्येक नव्या डॉक्टरासमोर तो पहिल्यांदा काढून ठेवत. आपण मुलीचे हित करतो आहोत असे त्या माउलीला वाटत होते. कागद वाचला की डॉक्टर मुलीकडे पाहणे थांबवत. एकाने पायाला प्लास्टर घातले. एकाने आईला बाहेर बसवून मुलीला विचारले, “शाळेत जायचा कंटाळा येतो का?” एकाने चिठ्ठीवर लिहिले: लक्ष वेधून घेण्याची सवय. मला या वाक्याचा अजूनही संताप येतो. दुखणे मनातून उगवले असते तरी ते नाटक ठरत नाही, इतके तरी वैद्यकाने शिकवायला हवे होते. आणि लक्ष वेधून घेण्याची सवय असलेल्या त्या मुलीकडे इतक्या वर्षांत कोणी लक्ष दिले होते?

शाळेतला प्रसंग मला जयश्रीनेच पुढे सांगितला. मुख्याध्यापकांनी तिला प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांसमोर उभे केले. आधी पुढे चालायला लावले. ती पडली. मग उलटे चालायला लावले. ती चालली. सर मुलांना म्हणाले, “बघितलं? याला म्हणतात सोंग.” मुले हसली. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. हे सांगताना ती हसत होती. हसताना तिची मान मागे ओढली जात होती, आणि ती डाव्या हाताचे बोट हनुवटीला लावून मान पुन्हा जागेवर आणत होती.

कारण तोवर आजार पायापुरता राहिला नव्हता. ती परत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि चाकांच्या खुर्चीत होती. कंबर एका बाजूला पिळलेली, मान मागे, उजवा हात पाठीशी वळलेला. आमच्याकडे नव्याने आलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सोनल यांनी तिला दारातच पाहिले आणि आजाराचे नाव घेतले. त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. मग त्यांनी तिला माझ्याकडे पाठवले. या वेळी हालचाल करताना स्नायूंची नोंद घ्यायची होती.

मंदाबाईंनी सवयीने पिशवीत हात घातला आणि तो चकचकीत कागद माझ्यासमोर ठेवला. “आधीचा रिपोर्ट हाये, मॅडम. लय जपलाय.”

मी सही ओळखली. मुलगी नंतर ओळखली. त्यांनी मला ओळखले नव्हते. मधल्या काळात माझे केस पांढरे झाले होते. त्या क्षणी गप्प राहणे किती सोपे होते, हे मला लख्ख आठवते. एसीची घरघर, स्पिरिटचा गार वास, आणि दोन माणसे माझ्या तोंडाकडे पाहत आहेत.

“ही माझी सही आहे,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी चूक केली. तुम्ही मला सगळं सांगितलं होतंत आणि मी ते लिहिलं नाही.”

मंदाबाई कागदाकडे पाहत राहिल्या. मग फार सावकाश म्हणाल्या, “म्हंजी मीच हा घिऊन फिरत व्हते?”

जयश्रीच बोलली. “आई, आता रडू नको. मॅडमला काम करू दे. ह्या टायमाला तरी नीट.”

या वेळी मी तिला झोपवले नाही. पायाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंवर इलेक्ट्रोडच्या जोड्या चिकटवल्या, दोन बाजूंनी आधार देऊन तिला उभे केले आणि चालायला सांगितले. स्पीकर मोठा केला. निरोगी पायात हे दोन आवाज सवाल-जवाबासारखे येतात, एक थांबतो तेव्हा दुसरा उठतो. इथे दोन्ही एकाच वेळी कडकडून उठले आणि थांबेनात. खोली त्या आवाजाने भरून गेली.

“ह्ये माझे पाय बोलत्यात?” जयश्रीने विचारले.

“हो. पुढचा आणि मागचा, दोघं एकदम.”

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी भांडण त्यांचंच चाललंय. मला उगाच मारलं.”

डॉ. सोनल यांनी उपाय सुचवला तो मेंदूतल्या उत्तेजनाचा. पॅलिडममध्ये दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार सोडायची, ती कातडीखालून गळ्यापर्यंत आणायची, कॉलरच्या हाडाखाली काड्यापेटीहून थोडे मोठे यंत्र बसवायचे, आणि त्यातून सेकंदाला शंभराहून जास्त सूक्ष्म ठोके अखंड द्यायचे. ते मेंदूला बरे करीत नाही. त्याच्या बिघडलेल्या, अडखळत्या बोलण्यावर एक समान ताल पांघरते, आणि मग हळूहळू मेंदू त्या तालात वेगळे वागू लागतो. नेमके कसे, हे अजून कोणालाच पुरते ठाऊक नाही. लवकर केले तर फायदा अधिक. उशीर झाला की पिळलेले सांधे आणि कणा तसेच घट्ट होतात, आणि मग मेंदू शांत झाला तरी हाडे ऐकत नाहीत. जयश्रीचा कणा त्या सीमेवर उभा होता.

यंत्र महाग असते. आमच्याकडे देणगीतून अशी यंत्रे क्वचित मिळत, आणि कोणाला द्यायचे ते एक समिती ठरवी. बैठकीला डॉ. सोनल यांच्यासोबत मीही गेले होते. समितीत एक ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी फायलीतला चकचकीत कागद वर काढला आणि चष्मा सरकवला.

“तपासणी नॉर्मल, आणि तुम्ही मेंदूत तारा घालणार? उद्या कोणी विचारलं तर?”

“सर, त्या तपासणीत हा आजार दिसतच नाही,” डॉ. सोनल म्हणाल्या.

“मग ज्यानं लिहिलं त्यानं तसं लिहायला नको?”

त्यांचा रोख मला बोचला, पण वाक्य खरे होते. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. बैठक तीन महिन्यांनी असे. तीन महिन्यांत कणा वाट पाहत नाही.

मी विभागात परत आले आणि समितीला पत्र लिहायला बसले. आमचे विभागप्रमुख दारात उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

“मॅडम, लेखी कशाला देता? तोंडी सांगा. सही केलेला कागद फिरतो.”

“फिरतो, सर. आठ वर्षं फिरला. म्हणून तर सहीनिशी देते आहे.”

“विभागाचं नाव जाईल.”

“मुलीचं सगळंच गेलं आहे.”

पत्र चार-पाच ओळींचे होते. कवितेच्या चार ओळी घडवायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. ‘सदर तपासणी रुग्ण झोपलेल्या स्थितीत केली. रुग्णाला चालवून पाहिले नाही. आईने दिलेली माहिती आणि मी स्वतः पाहिलेली, मागे जातानाची सरळ चाल मी नोंदवली नाही. नॉर्मल हा शब्द केवळ मज्जातंतूंच्या वेगाला लागू होता. तो या मुलीला लागू करणे ही चूक आहे आणि त्या चुकीची सुरुवात माझ्यापासून झाली.’ सोबत नव्या नोंदीच्या रेघा जोडल्या. समितीतल्या त्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पत्र दोनदा वाचले, असे मला नंतर कळले. पुढच्या बैठकीची वाट न पाहता मंजुरी त्याच आठवड्यात आली. त्यांच्याविषयीचा माझा राग मी तेव्हा मागे घेतला. बाकीच्यांविषयीचा अजून माझ्याजवळ आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी माझी जागा सर्जनच्या मागे, यंत्राजवळ होती. डोक्याला चौकट घट्ट बसवलेली, कवटीला रुपयाएवढे छिद्र, आणि जयश्री अर्धवट जागी. मेंदूला स्वतःला वेदना नसते. बधिर करावी लागते ती कातडी. केसाहून बारीक टोकाची सुई अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने खाली जाते आणि प्रत्येक थांब्यावर मी ऐकते. आधी जवळजवळ शांतता, मधूनच एखादा टिपका. मग गर्दी. मग पॅलिडमच्या सीमेवरच्या पेशी, ज्या घड्याळासारख्या एका चालीत टिकटिकतात. त्या आल्या की कळते, दार आले. आणि दाराच्या आत जयश्रीचा पॅलिडम: घाईने चार-पाच ठोके, अडखळ, पोकळी, पुन्हा घाई. वडिलांच्या पेल्यावरचे बोट मला ऐकू आले. एवढ्या लहान जागेत, आठ वर्षे, रोज, प्रत्येक पावलाला ही मात्रा चुकत होती आणि आम्ही तिला सोंग म्हणत होतो.

पॅलिडमच्या खालून डोळ्यांचा मज्जातंतूमार्ग जातो. सुई बरोबर तळाशी पोचली का, हे ताडायला आम्ही रुग्णाच्या डोळ्यांत टॉर्च मारतो आणि स्पीकर ऐकतो. खोलीतले दिवे मंद केले. टॉर्च लागली, स्पीकरमध्ये वाऱ्यासारखी सळसळ उठली. विझली, सळसळ बसली.

“मॅडम, काय ऐकू येतंय?” चौकटीतून बारीक आवाज आला.

“तुझ्या डोळ्यांत टाकलेला उजेड.”

“उजेडाला आवाज आसतो?”

“इथं असतो.”

“मंग घ्या ऐकून. मला नुस्तं चमकतंय.”

सर्जनसुद्धा हसले. जागा मिळाली होती.

यंत्र सुरू केले आणि काहीच झाले नाही. हे आम्हाला ठाऊक होते. कंपवाताच्या रुग्णाचा हात यंत्र सुरू होताच थांबतो आणि नातेवाईक डोळे पुसतात. डिस्टोनियात तसे घडत नाही. मेंदूला नवा ताल अंगवळणी पडायला आठवडे, महिने लागतात. आम्ही हे मंदाबाईंना बजावले होते, पण गावाला कोण बजावणार? ‘डोक्याला भोकं पाडली आन् पाय हाये तसाच,’ असे लोक त्यांना तोंडावर ऐकवत. त्या मला फोन करून काही विचारत नसत. नुसत्या म्हणत, “हाये, मॅडम, तसंच हाये,” आणि गप्प बसत. मी त्या गप्पपणाचा आवाज ओळखू लागले होते.

पाचव्या आठवड्यात फोन आला तो जयश्रीचा.

“मॅडम, आज जेवताना मान धरली नाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी बोट न लावता जेवले. भाकरी सरळ तोंडात. आई बघत बसली, तिची भाकरी कुत्र्यानं नेली.”

त्यानंतर बदल एकेक करून आले, दाराबाहेर चपला काढून आल्यासारखे, आवाज न करता. उजवा हात पाठीमागून पुढे आला. पाऊल आधी भिंतीला धरून टेकले, मग भिंतीशिवाय. यंत्र चार्ज करावे लागते. खांद्यावर पट्टा बांधून तास-दोन तास बसावे लागते. गावात वीज कधी जाते याचे वेळापत्रक मंदाबाईंना तोंडपाठ झाले. “शेतीची लाइट येगळी आन् माझी येगळी,” जयश्री म्हणे. “दोन्हीला आईच वायरमन.”

पण कणा सरळ झाला नाही. त्याने वाट पाहिली नव्हती. कमरेत एक पीळ कायमचा राहिला आणि तो राहणार. लोक मला सांगतात की चांगले ते बघा, मुलगी खुर्चीतून उठली. मी ते बघतेच. पण ती तीन-चार वर्षे आधी उठू शकली असती, सरळ कण्याने उठू शकली असती, आणि मध्ये एका शब्दाचे प्लॅस्टिक होते. हा राग मी समंजसपणे गिळावा असे मला वाटत नाही. आजही कुठल्यातरी गावात कोणी मूल हनुवटीला बोट लावून मान सावरत असेल आणि कोणी शहाणा माणूस म्हणत असेल, ‘बोट लावल्यावर राहते ना? मग तशीच राहू दे की.’

शाळेने मात्र आपली बाजू सावरली. मुख्याध्यापक शाल आणि नारळ घेऊन घरी आले. वार्षिक बक्षीस समारंभात जयश्रीच्या जिद्दीचा सत्कार करायचा होता. मंदाबाईंनी चहा ठेवला. जयश्री म्हणाली, “येते, सर. पण एक अट हाये.”

“बोल की, बेटा.”

“स्टेजवर आधी तुम्ही उलटं चालून दाखवा. सगळ्या पोरांपुढं. मंग मी सुलटं चालते.”

सर चहा न घेता गेले. शाल तिथेच विसरले. मंदाबाई ती आता भाकरीच्या टोपलीवर झाकतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात जयश्री पुढच्या नोंदीसाठी आली. मी प्रशासनाकडे फॉर्ममध्ये एक रकाना वाढवण्याचा अर्ज तीनदा केला होता: रुग्णाला चालवून पाहिले का, काय दिसले. तीनदा उत्तर आले की फॉर्म मान्यताप्राप्त आहे. म्हणून मी समासात लिहीत असे. विभागप्रमुख ते पाहत आणि काही बोलत नसत.

नोंद झाली. दोन स्नायूंचे आवाज आता बरेचसे पाळीने येत होते. मधून एकमेकांवर चढत, पण लगेच मागे सरत. मी मंदाबाईंना तो लॅमिनेट केलेला कागद मागितला.

“द्या मला. फाडून टाकते.”

“फाटत नाय, मॅडम,” जयश्री म्हणाली. “मी लय येळा बघितलंय.”

मी तो कागद हातात धरून पाहिला. त्यावर पेन उमटत नव्हते, खोडता येत नव्हते. माझे अक्षर आत सुरक्षित, सुबक, लिहिले त्या दिवसाइतकेच ताजे होते. जयश्रीने तो माझ्या हातातून घेतला आणि नव्या अहवालाच्या मागे पिन मारून लावला. “ऱ्हाऊ द्या. आता दोन्ही संगंच दावायचे. आधी ह्यो नवा, मंग त्यो जुना.”

निघताना ती दारापर्यंत चालत गेली, पुढे, किंचित एका बाजूला झुकून, पण दोन्ही तळवे जमिनीवर टेकवत. दाराशी थांबली. वळली. माझ्याकडे तोंड करून कॉरिडॉरमधून उलटी चालू लागली, हात हलवत, एकही पाऊल न चुकवता.

“बघा मॅडम,” ती लांबून म्हणाली, “आता दोन्हीकडून येतं. आता कशाला सोंग म्हणत्यात बघू.”

कॉरिडॉर संपेपर्यंत मी पाहत उभी राहिले. मग खुर्चीत बसले, तिच्या अहवालाची आमची प्रत पुढे ओढली, आणि समासात लिहिले: ‘चालवून पाहिले. पुढे. मागे. मी स्वतः पाहिले.’ खाली सही केली.